वायर धरलेला माणूस

एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बारामतीच्या रस्त्यावरचं डांबर तेवढ्यातच चपलेला चिकटायला लागलं होतं. मल्हार वाघमोडे आपल्या दुकानात पंख्याखाली बसून एका कनेक्टरमध्ये केबलची तार बसवत होता. फोन वाजला. तो त्याच्या बायकोने, प्रतिक्षाने घेतला. दोन-तीनदा "हो काकू, हो काकू" म्हणाली, तक्रारवहीत काहीतरी लिहिलं आणि रिसीव्हर ठेवून म्हणाली, "भिगवण रस्त्याच्या कॉलनीतनं. देवधरकाकू. टीव्हीला नुसत्या मुंग्या येत्यात."

मल्हारच्या बोटांतली तार वाकडी झाली.

"उद्या बघतो."

"परवा बी उद्याच म्हणला होता. त्या कॉलनीत आपली वीस घरं हायती. एक काकू बिघडल्या की वीसच्या वीस जातील."

तिचं खरं होतं. मल्हारच्या दुकानावर दोन मोठ्या डिश होत्या, खालच्या खोलीत यंत्रं होती, आणि तिथून निघालेली काळी केबल विजेचे खांब, लिंबाची झाडं, लोकांच्या गच्च्या असं करत करत तीनशे घरांत शिरत होती. कुठे सांधा सैल झाला, कुठे उंदरानं दात मारला, कुठे पाणी शिरलं, की पडद्यावरचं चित्र जायचं आणि काळे-पांढरे ठिपके वळवळायला लागायचे. त्याला सगळे मुंग्या म्हणत. मुंग्या शोधून काढण्यात मल्हारचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. पण देवधरांच्या घरचं नाव निघालं की तो दुसरं काहीतरी काम काढायचा. फाल्गुनापासून तो त्या गल्लीत फिरकला नव्हता.

तरी तो निघाला. न जाऊन सांगणार काय?

देवधरांचं घर टुमदार होतं. चिंतामणराव देवधर पाटबंधारे खात्यात इंजिनियर, इंदापूरहून बदली होऊन आलेले. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई. कॉलनीत त्यांच्या शब्दाला मान होता. फाल्गुनात त्यांनी केबल घ्यायची ठरवली तेव्हा त्यांनी मल्हारला आधी सोफ्यावर बसवून चार प्रश्न विचारले होते. "घरात येणारा माणूस चांगल्या घरचा हवा, म्हणून विचारते हो. कुठले तुम्ही?" आणि मल्हार काही विचार न करता बोलून गेला होता, "काटेवाडीचे. बागायत आहे आमची. वडील शेती बघतात."

त्याचे वडील सुप्याच्या माळावर मेंढरं राखत होते. बागायत सोडाच, विहिरीलाही पाणी नव्हतं.

तिथवर ठीक होतं. खोटं बोलून धंदा करणारा तो काही पहिला नव्हता. पण ज्या दिवशी तो त्या घराची वायर ओढत होता, नेमक्या त्याच दिवशी त्याचे वडील, बिरूआबा, सुप्याहून एसटीने बारामतीला आले. आधी दुकानात गेले. प्रतिक्षा म्हणाली, जेवून घ्या. ते म्हणाले, "आदी पोराला भेटतो." तिने पत्ता सांगितला, आणि विचारत विचारत म्हातारा भर उन्हात देवधरांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. मंदाकिनीबाई पुढे झाल्या आणि नाकाला पदर लावून मल्हारला विचारलं, "हे कोण?"

मल्हार गच्चीवरून खाली बघत होता. बापाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू होतं.

"आमच्याकडे कामाला असतो," मल्हार म्हणाला. "वायर ओढायला."

असतो. 'असतात' म्हटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पुढे कितीतरी रात्री तो एक शब्द त्याच्या डोळ्यांवर झोप येऊ द्यायचा नाही.

बिरूआबांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तोंडावर तसंच राहिलं, विसरून राहिल्यासारखं. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, बाहेरच्या जिन्याने गच्चीवर आले आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय मालक. कुठं धरू?"

शेजारचा बंगला बंद होता. मालक पुण्याला. त्या गच्चीवरून या गच्चीवर वायर आणायची होती, मध्ये विजेच्या तारा होत्या. मल्हार त्या गच्चीवर गेला आणि आबा या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, वायर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहिले. अकरापासून दीडपर्यंत. एकदा त्यांनी डावा हात खाली घेऊन छाती चोळली. मल्हारने ते बघितलं. "नीट धर," असं त्या गच्चीवरून ओरडला. काम झाल्यावर मंदाकिनीबाईंनी म्हाताऱ्याला बाहेर पायरीवर चहा दिला, कानतुटक्या कपात. तो पिऊन, कप नळावर विसळून, पालथा घालून, आबा एसटी स्टँडकडे चालायला लागले. मल्हार गिऱ्हाइकाला रिमोट समजावून सांगत होता. त्यानं पाठमोऱ्या घोंगडीकडे बघायचं टाळलं.

अकराव्या दिवशी बिरूआबा माळावर, मेंढरांच्या मधोमध बसल्या जागी गेले. दहावं झालं त्या दिवशी मल्हारची आई, बानूबाई, त्याला म्हणाली, "छातीत दुकतंय म्हून तुज्याकडं आला व्हता. तू डाक्टरला दावलंस न्हवं?"

म्हणजे म्हातारा त्यासाठी आला होता. आणि काही न बोलता वायर धरून उभा राहिला होता.

"व्हय आये, दावलं की," मल्हार म्हणाला. "डाक्टर म्हणला, काय न्हाय, वाऱ्याचं दुखणं हाय."

तर अशा त्या घरात तो आता पुन्हा शिरत होता.

मंदाकिनीबाईंनी टीव्ही लावून ठेवला होता. पडदाभर मुंग्या, आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. मल्हारने पिशवी उघडली. आधी टीव्हीच्या पाठीमागचा कनेक्टर काढला, तार खरवडून लख्ख केली, नवा कनेक्टर लावला. मुंग्या. बेडरूमकडे जाणारी जोडणी काढून सरळ एकच वायर दिली. मुंग्या. मग त्याने पिशवीतला छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही काढला. सिग्नल कुठवर येतो ते बघायला तो हा टीव्ही आणि एक बॅटरी बरोबर ठेवायचा. गल्लीतल्या खांबावरच्या डब्याला जोडून बघितलं: चित्र स्वच्छ. शेजारच्या बंद गच्चीवर जाऊन बघितलं: स्वच्छ. देवधरांच्या गच्चीच्या कठड्यापाशी बघितलं: तिथेही स्वच्छ. म्हणजे दोष कठड्यापासून टीव्हीपर्यंतच्या वीस-पंचवीस हातांत होता. त्याने तेवढी वायर कापून सगळी नवी घातली.

मुंग्या.

असं व्हायला नको होतं. ज्या दोन ठिकाणांमध्ये दोष आहे त्यांच्या मधलं सगळं बदललं, तर दोष राहणार कुठे? मल्हार घाम पुसत उभा राहिला.

"काल तुमचा माणूस आला तेव्हा झालं होतं की नीट," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"माझा माणूस?"

"तो म्हातारा. मी म्हटलं, मालकांनी पाठवलं का? मान हलवली आणि वर गेला. वायर धरली असेल बहुतेक, कारण आरशासारखं चित्र आलं. दुपारभर बघितलं मी. दिवेलागणीला तो गेला आणि परत या मुंग्या."

मल्हारला आपल्या कानामागून घामाचा एक ओघळ उतरलेला कळला. तो थंड होता.

"कोणीतरी दुसरा असेल, काकू."

"दुसरा कसा? लाल मुंडासंवाला. त्या दिवशी तुमच्याबरोबर होता तोच. मी म्हटलं आत ये, सावलीत बस घटकाभर, तर म्हणे... 'नगं, मालक रागावतील.'"

मल्हार गच्चीवर गेला. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. टाकीच्या बाजूला त्याच्या जुन्या वायरीचा उरलेला तुकडा पडलेला होता. तो त्याने फाल्गुनात तसाच टाकून दिला होता, पसरलेला. आता त्याचं वेटोळं झालं होतं. कोपरावर घालून गुंडाळलेलं, आणि मधोमध गाठ मारलेली. मेंढराच्या गळ्यातलं दावं गुंडाळून ठेवतात तसं. मल्हारने ते हातात घेतलं. त्याला वास आला. तापलेल्या सिमेंटच्या वासात दुसरा एक वास होता, ओल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा. भिगवण रस्त्याच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर.

तो पिशवी उचलून निघून आला. प्रतिक्षाला म्हणाला, मोठा दोष आहे, वेळ लागेल.

त्यानंतर जे सुरू झालं ते गावात कुणाला भयंकर वाटलं नाही. उलट मल्हारचं नाव झालं. तक्रार यायची, तो पिशवी उचलून जायचा, आणि दारातच गिऱ्हाईक सांगायचं, "आत्ताच झालं की नीट. तुमचा माणूस येऊन गेला." कधी आमराई भागात, कधी कसब्यात. "गरीब आहे हो बिचारा. पाणी दिलं तर ओंजळीनं प्यायला." "आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभा." एका शाळामास्तरांनी तर मल्हारला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही तरुण आहात म्हणून बोलतो. एवढ्या वयाच्या माणसाला उन्हात किती पळवायचं? त्याच्या पायांत पायताण नाही. घेऊन द्या."

मल्हार मान खाली घालून "हो सर" म्हणाला. काय सांगणार होता? ते मेलेत असं? की ते माझे वडील आहेत असं? पहिली गोष्ट सांगायला त्याला भीती वाटत होती आणि दुसरी सांगायला लाज. आणि लाज भीतीपेक्षा मोठी होती, हे त्याचं त्यालाच उमजलं तेव्हा तो मास्तरांच्या जिन्याखाली बसून रडला.

त्या दिवशी घरी येऊन त्याने आबांची जुनी पायताणं मागितली. प्रतिक्षा म्हणाली, ती तर त्यांच्याबरोबरच दिली.

जेवण तुटलं. रात्री छपराकडे बघत पडून राहायचा. प्रतिक्षा विचारायची, काय होतंय? तो म्हणायचा, ऊन लागलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देवधरकाकूंचा पुन्हा फोन आला. मल्हार बारा वाजता पोचला. कॉलनीतली दारं-खिडक्या उन्हाला भिऊन बंद झाली होती. गल्लीत कुत्रंही नव्हतं. चिंतामणराव रजेवर घरीच होते, बनियनवर बसून पंख्याचा वारा खात होते. टीव्हीवर मुंग्या.

"तुम्ही वर जा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी इथून सांगते."

तो वर गेला. कठड्यापाशी पिशवी ठेवली. पक्कड काढली. अजून त्याने वायरीला हात लावला नव्हता. एवढ्यात खालून आवाज आला, "आलं! आलं! एकदम स्वच्छ! तसंच धरा!"

मल्हार जागच्या जागी थिजला.

"काकू," तो खाली ओरडला, आवाज त्याचा त्याला अनोळखी वाटला, "मी काहीच धरलेलं नाही..."

"हलवू नका, तसंच राहू द्या!"

त्याने हळूच मान वळवली. शेजारच्या बंद गच्चीवरून आलेली वायर एरवी मध्ये झोळ खाऊन लोंबकळायची. आता ती सरळ होती. ताणलेली. कठड्याच्या खिळ्यापासून ती वर उचलली गेली होती, पाण्याच्या टाकीच्या दिशेने, माणूसभर उंच. आणि तिथे, टाकीच्या सावलीच्या कडेला, ती हवेतच थांबली होती. किंचित थरथरत होती. दमलेल्या हातात थरथरावी तशी.

लोकरीचा वास आला. मग अगदी हलक्या, दम लागलेल्या आवाजात...

"मालक... हितं धरू... का आनखी वर?"

मल्हारच्या हातातली पक्कड पडली. जिन्याच्या पायऱ्या तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पुढच्या खोलीत येऊन तो भिंतीला टेकला. टीव्हीवर कुठलीतरी बाई अगदी स्पष्ट, रंगीत हसत होती.

"झालं की काम," चिंतामणराव म्हणाले. मग त्याच्या तोंडाकडे बघून, "अहो, तुम्ही इथे, मग वर कोण धरून उभं आहे? तुमचा तो म्हातारा? त्याला किती वेळ उन्हात ठेवता हो? बोलवा खाली."

"मी चहा ठेवलाय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पायरीवर बसू दे त्याला."

तेव्हा मल्हारच्या तोंडून निघालं.

"काकू, 'त्याला' नका म्हणू. ते... ते माझे वडील आहेत."

पंखा फिरत होता.

"बागायत नाही आमची. काटेवाडीचे पण नाही आम्ही. सुप्याचे. ते मेंढरं राखायचे. त्या दिवशी छातीत दुखतं म्हणून मला भेटायला आले होते. मी तुम्हाला सांगितलं, कामाला असतो." त्याने ओठ चावला. "अकरा दिवसांनी गेले ते. आता... दीड महिना होत आला."

मंदाकिनीबाईंच्या हातातली बशी हातातच राहिली. चिंतामणराव उठले, शर्ट न घालता तसेच जिना चढले. विज्ञान शिकलेला माणूस. वर जाऊन सोक्षमोक्ष लावावा असं त्यांच्या मनात असणार. ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा भिंत धरून, पायरी पायरीने आले.

"वर कुणी नाही," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसून बराच वेळ दोन्ही तळवे बनियनला पुसत राहिले.

मंदाकिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्यांना कानतुटका कप दिला होता..." आणि पदरात तोंड घालून आत गेल्या. मल्हारला वाटलं होतं, त्या आपल्याला रागावतील. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तो सुप्याला पोचला. घरापुढे बानूबाई लोकर विंचरत बसली होती. मेंढरं वाड्यात आली होती. मल्हार मोटारसायकल उभी करून आईच्या समोर मातीत बसला आणि सगळं सांगितलं. 'असतो'पासून 'वाऱ्याचं दुखणं'पर्यंत. एकही शब्द सोडला नाही. बोलताना तो तिच्या हातांकडे बघत होता. ते हात थांबले नाहीत, पण हळू झाले.

"डाक्टरला दावलं न्हाईस," ती शेवटी म्हणाली.

"न्हाय."

"त्यो मला म्हणला, दावलं. पोरानं दवाखान्यात न्हेलं, गोळ्या घिऊन दिल्या. म्हणला, त्येचं काम लई मोठं हाय. आज मी त्येच्या हाताखाली काम केलं." तिने लोकरीतला काटा काढून फेकला. "त्या दिशी रातभर हात वर करून निजला व्हता. मी म्हणलं, असा का निजतोस? म्हणला, भरून आल्यात."

मल्हारने तिचे पाय धरले. तिने ओढून घेतले.

"माझं पाय नगं धरूस. मी तुला माफी द्येणारी कोण?" मग तिने विचारलं, आणि तिचा आवाज एकदम बदलला, कोकरू चुकलं असावं तसा: "तितं उनात हाय व्हय त्यो अजून? वायर धरून?"

"व्हय."

"आरं, मग त्येला सोड म्हण की! त्यो हुकमाचा माणूस. मालक म्हणला धर, म्हणजे धर. तू तोंडानं सोड म्हणल्याबिगर त्यो सोडायचा न्हाय. मालक म्हणून न्हवं. ल्योक म्हणून म्हण. आन् चार माणसांत म्हण, चोरून न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला मायलेक देवधरांच्या दारात उभे राहिले. मंदाकिनीबाई बाहेर आल्या, बानूबाईला हात धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं आणि तिच्यासमोर स्वतः जमिनीवर बसल्या. टीव्ही लावला होता. चित्र स्वच्छ होतं. कालपासून, त्या म्हणाल्या. रात्रभर.

मग सगळे बाहेर अंगणात आले. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. मल्हार एकटा गच्चीवर गेला. वायर ताणलेलीच होती. आता थरथर जास्त होती. तो तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला. त्याने एकदा खाली बघितलं. ज्यांच्यासमोर त्याला ते वाक्य बोलायचं होतं ती माणसं वर बघत होती.

"आबा!" तो ओरडला. सबंध कॉलनीला ऐकू गेलं. "आबा, मी मल्हार. तुमचा ल्योक. हे माझे वडील हायत, बिरू वाघमोडे, सुप्याचे! मी तुमाला गडी म्हणलो. माझं चुकलं आबा... सोडा आता. हात खाली घ्या."

क्षणभर काही झालं नाही. मग टाकीजवळचं टोक अलगद, कुणी हळुवार ठेवावं तसं खाली आलं आणि सिमेंटवर टेकलं. मल्हारच्या डोक्यावरच्या केसांवरून काहीतरी गेलं. वारा नव्हता. खरखरीत होतं, हातासारखं. लोकरीचा वास एकदा दाटून आला आणि विरला.

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. किती वेळ, कोण जाणे.

खाली आला तेव्हा लोक आपापल्या घरांत गेले होते. बानूबाई एकटी अंगणात होती, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वर बघत.

"सुटला," ती म्हणाली. "खाली बसला, मुंडासं सोडलं, तोंड पुसलं आन् ग्येला. मी बगितलं." तिचे डोळे ओले होते, पण ती हसत होती. मग हसू ओसरलं. ती अजून वरच बघत होती. देवधरांच्या गच्चीकडे नाही, शेजारच्या बंद बंगल्याकडे.

"मल्हारी... पर त्यो दुसरा कोण हाय रं?"

"कोण दुसरा?"

"दुसरं टोक धरलंय त्येनं. त्या गच्चीवर. पाठमोरा हुबा हाय." ती हळू बोलत होती, वरच्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "म्हाताऱ्यानं सोडली. त्येनं न्हाय सोडली. जवान दिसतोय... निळा शर्ट हाय अंगात."

मल्हारने वर बघितलं नाही. निळा शर्ट त्याने फाल्गुनातल्या त्या दिवशी घातला होता. तो घरी ट्रंकेत होता, तेव्हापासून त्याने तो अंगाला लावला नव्हता. आईने तो कधी बघितलाही नव्हता.

त्या दिवसापासून 'तुमचा माणूस' कुणाच्या दारात आला नाही. मल्हार सगळ्यांना आपण सुप्याचे म्हणून सांगायला लागला. बानूबाई महिन्यातून एकदा बारामतीला यायची आणि देवधरांकडे जेवून जायची. शेजारच्या गच्चीवरची वायर बदलायला मात्र मल्हार चढला नाही, दुसऱ्या कुणाला चढवलंही नाही.

मेच्या अखेरीस एका दुपारी वळवाचं वादळ आलं. वीज कॉलनीच्या खांबावर उतरली, तिथलं यंत्र जळून काळं झालं, आणि खांबापासून पुढची सगळी लाइन मेली. पाऊण तासात एकोणीस घरांतून फोन आले. प्रतिक्षा लिहून दमली. विसावा फोन मल्हारने स्वतः घेतला.

"मल्हारराव," मंदाकिनीबाई होत्या. आवाज इतका हलका की रिसीव्हर कानाला दाबून धरावा लागला. "सगळ्या गल्लीतलं गेलंय म्हणतात..."

"हो काकू. यंत्रच जळालंय. उद्यापर्यंत कुणाकडेच दिसणार नाही."



"आमच्याकडे दिसतंय," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."